तीन वह्या, एक हिशोब

(तृतीय वर्ष, वाणिज्य)

आमच्या घरी कपाटाच्या वरच्या फळीवर निळ्या पुठ्ठ्याची एक वही आहे. २०११-१२च्या हंगामात बाबांचा ट्रक डिचोली तालुक्यात खनिज वाहतुकीला होता, त्या वेळची ती वही. दर तारखेसमोर दोन आकडे आहेत: त्या दिवशी झालेल्या ट्रिपा आणि भरलेले डिझेल. एका पानाच्या तळाशी पंधरवड्याची बेरीज आहे, ४३. तिच्याखाली तांबड्या शाईच्या दोन रेघा ओढलेल्या आहेत. माल भरण्याच्या जागी असलेल्या रजिस्टरात त्याच पंधरवड्याच्या ट्रिपा ४१ होत्या आणि हातात बिल आले ते ४० ट्रिपांचे.

ते बिल कोणाचे होते हे सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. चूक कोणाची होती हेही मला ठाऊक नाही. त्या वेळी मी सात वर्षांचा होतो. पुढे २०१२च्या सप्टेंबरात गोव्यातील खाणी बंद पडल्या, ट्रक अंगणात उभा राहिला, आणि तीन ट्रिपांची तक्रार घेऊन जावे असे कोणी उरलेच नाही. रक्कम फार मोठी नव्हती. पण "मी खोटं लिहिलं नव्हतं," हे वाक्य बाबा आजही त्या वहीचा विषय निघाला की म्हणतात.

वाणिज्य शाखेत आल्यावर बँक जुळवणी पत्रक शिकताना मला ती वही आठवली. आपली रोखवही एक शिल्लक दाखवते, बँकेचे पासबुक दुसरी. मग फरकाची कारणे शोधून दोन्हींचा मेळ घालावयाचा. पण हा मेळ महिनाअखेरीस बसतो, आणि दोन्ही पक्ष एकमेकांस आपली वही दाखवावयास तयार असतील तरच बसतो. बाबांच्या बाबतीत वह्या तीन होत्या आणि एकमेकांस दाखविण्याची पद्धत नव्हती. तिघांनी मिळून पहिल्यापासून एकच वही लिहिली असती तर? या प्रश्नाचे जे उत्तर संगणकशास्त्राने दिले आहे, त्याचे नाव डिस्ट्रिब्युटेड लेजर. मराठीत आपण तिला वाटलेली खतावणी म्हणू. गेल्या सुट्टीत आम्ही तिघा मित्रांनी अशी खतावणी कॉलेजच्या प्रयोगशाळेत उभी करण्याचा खटाटोप केला. ती उभी करताना काय काय बिघडले आणि ते कसे शोधले, हाच या लेखाचा विषय आहे.

वाटलेली खतावणी म्हणजे काय?

नेहमीच्या पद्धतीत वही एका जागी असते व बाकीचे तिच्यावर विश्वास ठेवतात. वाटलेल्या खतावणीत प्रत्येक सहभागी पक्षाच्या संगणकावर त्याच वहीची पूर्ण प्रत असते. अशा प्रत्येक संगणकाला नोड म्हणतात. नवी नोंद करावयाची झाल्यास ठरलेल्या पक्षांनी ती तपासून तिच्यावर आपली सांकेतिक सही करावी लागते. नंतर नोंदींचा क्रम ठरतो, त्यांचा एक गठ्ठा, म्हणजे ब्लॉक, बनतो आणि तो सर्वांच्या प्रतीत एकाच क्रमाने चढतो.

आपण वहीचे पान संपले की शिल्लक पुढे नेतो. येथेही मागल्या पानाची खूण पुढल्या पानावर नेली जाते. मात्र ही खूण पानावरील प्रत्येक अक्षरापासून गणिताने काढलेली असते. एसएचए-२५६ या प्रचलित रीतीने मजकूर कितीही मोठा असला तरी ६४ अक्षरांची खूण मिळते, आणि मजकुरातील एक स्वल्पविराम बदलला तरी खूण पार बदलून जाते. त्यामुळे मागचे पान गुपचूप खोडता येत नाही. कागदपत्रांना अशा साखळीने काळाची मोहर लावण्याची कल्पना स्टुअर्ट हेबर व स्कॉट स्टोर्नेटा या दोघांनी १९९१ साली मांडली. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधातून बिटकॉईन जन्मास आले आणि ही कल्पना जगभर गेली.

बिटकॉईनच्या जाळ्यात कोणीही अनोळखी माणूस येऊ शकतो. व्यापारात मात्र आपण ओळखीच्या पक्षांशी व्यवहार करतो. त्यासाठी सभासदांपुरते मर्यादित जाळे लागते. आम्ही वापरलेले हायपरलेजर फॅब्रिक हे सॉफ्टवेअर त्या प्रकारचे आहे. त्याची १.० ही आवृत्ती २०१७ साली आली व ते कोणालाही विनामूल्य वापरता येते.

हे सारे आपल्यापासून फार दूरचे आहे असे कोणी समजू नये. आपण अभ्यासतो त्या कर्जरोख्यांचेच उदाहरण घ्या. कंपनीने रोख्यांसाठी जे तारण दिले तेच दुसऱ्या कर्जासाठीही दिलेले नाही ना, आणि रोखे विकताना मान्य केलेल्या अटी ती पाळते ना, यावर विश्वस्तांनी लक्ष ठेवावयाचे असते. ही देखरेख वाटलेल्या खतावणीवर आणावी असे परिपत्रक सेबीने ऑगस्ट २०२१ मध्ये काढले व १ एप्रिल २०२२ पासून ते लागू केले. यंत्रणा उभारण्याचे काम एनएसडीएल व सीडीएसएल या मुंबईच्या दोन डिपॉझिटरींवर सोपविले गेले. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'विश्वस्य' नावाची ब्लॉकचेन यंत्रणा जाहीर केली. तिचा पसारा भुवनेश्वर, पुणे व हैदराबाद येथील सरकारी डेटा सेंटरांत वाटलेला आहे. म्हणजे उद्या नोकरीला लागणाऱ्या वाणिज्य पदवीधरासमोर अशी वही केव्हा ना केव्हा येणारच.

आमची मांडणी

आम्ही तिघे: मी डिचोलीचा, दुसरा मित्र पेडण्याचा, तिसरा बेळगावचा. हा तिसरा मित्र याच अंकाच्या कन्नड विभागात लिहितो. आम्ही प्रत्येकी एक संगणक घेतला व त्याला आपापल्या गावाचे नाव दिले. भूमिकाही वाटून घेतल्या. डिचोली म्हणजे ट्रकमालक, पेडणे म्हणजे माल भरून देणारा आणि बेळगाव म्हणजे जेटीवर माल उतरवून घेणारा. ट्रिप झाली की तिघांच्याही वहीत ती एकाच वेळी दिसावी, एवढाच उद्देश.

प्रत्येक संगणकावर तीन कामे चालत. एक पीअर, म्हणजे वही सांभाळणारा कारकून. दुसरा ऑर्डरर, म्हणजे नोंदींचा क्रम लावणारा. तिसरी सर्टिफिकेट ऑथॉरिटी, म्हणजे आपल्या माणसांस ओळखपत्र देणारे कार्यालय. तिघांची मिळून जी सामायिक वही तिला चॅनल म्हणतात, आणि नोंद कोणत्या नियमाने व्हावी हे सांगणाऱ्या प्रोग्रॅमला चेनकोड. कागदावर हे चित्र अर्ध्या तासात काढून झाले. प्रत्यक्षात पहिली नोंद चढावयास अकरा दिवस लागले.

बिघाड आणि त्यांचा शोध

पहिल्या दिवशी एकही संगणक दुसऱ्यापर्यंत पोचेना. पुस्तकातील नमुना एकाच संगणकासाठी होता, त्यात पत्त्याच्या जागी 'लोकलहोस्ट' असे लिहिलेले होते आणि आम्ही ते तसेच उतरवून घेतले होते. लोकलहोस्ट म्हणजे 'आमचे घर'. प्रत्येक जण ज्याला 'आमचे घर' म्हणतो ते त्याचे स्वतःचेच घर असते. तेव्हा पेडण्याचा पीअर डिचोलीच्या ऑर्डररला शोधावयास निघाला आणि स्वतःचेच दार ठोठावीत बसला. खरे पत्ते घातल्यावर दुसरी अडचण आली. प्रत्येक सेवेला पोर्ट नावाचा दाराचा क्रमांक असतो. पीअरसाठी बहुधा ७०५१ व ऑर्डररसाठी ७०५० वापरतात. प्रयोगशाळेच्या संगणकांवरील संरक्षक भिंतीने, म्हणजे फायरवॉलने, ही दारे बंद ठेवली होती. ती उघडल्यावर रस्ता मोकळा झाला.

रस्ता झाला, पण ओळख पटेना. हा बिघाड मला सर्वांत बोलका वाटला. आमच्या गावाला मराठीत डिचोली म्हणतात, कोकणीत दिवचल आणि जुन्या पोर्तुगीज रीतीच्या रोमन लिपीत बिचोलिम. पोस्टमनला ही तिन्ही नावे एकच आहेत हे ठाऊक असते. मी ओळखपत्र तयार करताना रोमन लिपीत 'डिचोली' लिहिले होते आणि मित्रांनी पत्त्याच्या फाईलीत सवयीप्रमाणे 'बिचोलिम' लिहिले. यंत्राने एका नावाने हाक मारली, समोरून दुसऱ्या नावाचे ओळखपत्र आले, आणि त्याने बोलणेच तोडले. वास्तविक त्याचे बरोबरच होते. नाव न जुळणाऱ्या माणसाला तिजोरीजवळ कोणी उभे करीत नाही. अशा ओळखपत्रात मान्य नावांची यादी घालावयाची सोय असते. ती सर्व नावांसह नव्याने करून घेतली तेव्हा डिचोली आणि बिचोलिम एकदाची एक झाली.

येथे एक धडा मिळाला. प्रत्येक यंत्र आपली रोजनिशी लिहीत असते, तिला लॉग म्हणतात. हाक मारणाऱ्याच्या रोजनिशीत नुसते 'जोडणी झाली नाही' एवढेच असते. ती का झाली नाही हे पुष्कळदा समोरच्याच्या रोजनिशीत मिळते. भांडणात दोन्ही बाजू ऐकाव्यात हा न्याय येथेही लागू पडतो.

तिसरा बिघाड घड्याळाचा. बेळगाव नावाच्या संगणकातील बटणाएवढी बॅटरी संपली होती. त्यामुळे बंद करून सुरू केला की त्याची तारीख काही वर्षे मागे जाई. आम्ही दिलेले ताजे ओळखपत्र पाहून तो म्हणे, याची मुदत अजून सुरूच झालेली नाही. उलट प्रकारही घडू शकतो. फॅब्रिकचे ओळखपत्र कार्यालय नेहमीच्या मांडणीत एक वर्षाच्या मुदतीचे पत्र देते. नूतनीकरण विसरले तर वर्षभर सुरळीत चाललेले जाळे एके सकाळी अचानक मुके होते. वाहनाचा विमा संपण्याची तारीख जशी आपण भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहून ठेवतो, तशीच ही तारीखही लिहून ठेवावी.

चौथा बिघाड आमच्या उतावळेपणाचा. ओळखपत्रे नवी केली, पण आधीच्या फसलेल्या प्रयत्नांतील अर्धवट वही डिस्कवर तशीच राहिली. नव्या वहीचे पहिले पान आणि जुन्या वहीचे पहिले पान जुळेना. प्रयोगात आम्ही जुने सर्व पुसून पुन्हा आरंभ केला. खऱ्या व्यवहारात असे पुसणे म्हणजे दप्तर जाळणे होय. तेथे आधी प्रत राखून ठेवावी. एखाद्या पीअरची वही खराब झाली तर जाळ्यातील इतरांकडून तिची पाने पुन्हा मिळविता येतात. वही वाटून ठेवण्याचा हाच तर मोठा फायदा.

पाचव्या बिघाडात पेडण्याचे यंत्र चालू होते, त्याच्या वहीत पाने चढत होती, पण इतर दोघांना ते दिसतच नव्हते. बाहेरच्यांनी आपल्याला कोणत्या पत्त्यावर शोधावे हे त्याने जाहीरच केले नव्हते. वर्गणी भरली, सभेला हजर, पण सभासदांच्या यादीत पत्ता कोरा, असा हा प्रकार. सेटिंगच्या फाईलीत ती एक ओळ राहून गेली होती. ती घातली आणि प्रत्येक पक्षाचा एक पीअर संपर्कासाठी नेमून दिला, तेव्हा तिघे एकमेकांस दिसू लागले.

एवढे झाल्यावर यंत्रे आपसांत बोलू लागली आणि मग नियमांतले बिघाड वर आले. चेनकोडचा मसुदा प्रत्येक पक्षाने आपल्यापुरता मंजूर करावा लागतो व मंजुरीतील प्रत्येक तपशील तंतोतंत सारखा असावा लागतो. आम्ही दोघांनी आवृत्ती '१.०' लिहिली, बेळगावकराने नुसते '१' लिहिले. माणसाला दोन्ही सारखेच. यंत्राला हे दोन वेगळे ठराव. मंजुरी कोणाकोणाची झाली हे पाहण्याची सोय असते. ती पाहिली तेव्हा दोघांपुढे 'होय' व त्याच्यापुढे 'नाही' असे आले. गंमत अशी की तीनपैकी दोघांचे बहुमत झाल्याने मसुदा पुढे सरकलाच. बेळगावची मंजुरी सुधारेपर्यंत त्याच्या सहीला मात्र किंमत नव्हती. ही गोष्ट तेव्हा आम्ही हसण्यावारी नेली. ती पुढे येणारच आहे.

त्यानंतर सह्या जुळेनात. एकाच ट्रिपेची नोंद तिघांनी तपासली तरी तिघांची उत्तरे वेगळी. कारण चेनकोडात मी 'आत्ताची वेळ लिही' असे लिहिले होते. तीन यंत्रांची 'आत्ताची वेळ' काही क्षणांनी वेगळी असणारच. "लेक्क तप्पिदे!" असे बेळगावकर ओरडला. हिशोब चुकला, असा त्याचा अर्थ. नोंदीसोबत जी एकच वेळ सर्वांकडे जाते ती वापरली, तेव्हा तिन्ही उत्तरे एक झाली. ज्या नियमाचे उत्तर पाहणाऱ्यागणिक बदलते, तो सामायिक वहीत चालत नाही.

शेवटचा बिघाड वाणिज्याच्या विद्यार्थ्याला लाज आणणारा होता. एकूण ट्रिपांचा आकडा आम्ही एकाच जागी ठेवला होता आणि प्रत्येक ट्रिपेला त्यात एक मिळवीत होतो. दोन ट्रक जवळजवळ एकाच वेळी आले की दोन्ही नोंदी जुना आकडा वाचून येत. पहिली मान्य होई व दुसरी रद्द. जुन्या आकड्यावर आधारलेली नोंद यंत्र स्वीकारीत नाही. उपाय आपल्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकातच होता: आधी रोजकीर्द, मग खतावणी. प्रत्येक ट्रिपेची तिच्या पावती क्रमांकाने स्वतंत्र नोंद केली व बेरीज पाहिजे तेव्हा काढली. रद्द होणे थांबले.

शोधाचा क्रम

तेरीज जुळली नाही म्हणजे आपण वाटेल तेथून सुरुवात करीत नाही. आधी बेरजा, मग शिल्लका, मग खतावणी आणि शेवटी रोजकीर्द, असा क्रम असतो. या जाळ्यालाही तसा क्रम आहे. आधी रस्ता पाहावा: पत्ता बरोबर आहे का, दार उघडे आहे का. मग नाव, मग ओळखपत्र व घड्याळ. त्यानंतर सभासदत्व: तो पक्ष चॅनलमध्ये आहे का व इतरांना दिसतो का. मग नियम: सर्वांनी एकच मसुदा मंजूर केला आहे का. सर्वांत शेवटी प्रत्यक्ष नोंद. खालची पायरी पक्की झाल्याशिवाय वरच्या पायरीला हात लावू नये. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहावा. आम्ही पहिल्या चार दिवसांत एकदम तीन-तीन गोष्टी बदलल्या. कशाने सुधारले आणि कशाने बिघडले हेच कळेना. अकरापैकी निदान पाच दिवस त्यात गेले.

गणपूर्तीकडेही लक्ष हवे. क्रम लावणाऱ्या ऑर्डररांची राफ्ट नावाची पद्धत अर्ध्याहून अधिक जण हजर असतील तरच काम करते. तीनपैकी एक बंद पडला तर वही चालते. दोन बंद पडले तर नवी नोंद थांबते. पाच ठेवल्यास दोघांची गैरहजेरी सोसते. चार ठेवून मात्र काही विशेष साधत नाही, कारण तेव्हाही एकाचीच गैरहजेरी चालते.

जो बिघाड यंत्राने सांगितला नाही

अकराव्या दिवशी संध्याकाळी पहिली ट्रिप तिन्ही वह्यांत चढली. मी आनंदाने घरी येऊन बाबांना सारे समजावून सांगितले. ४३ ट्रिपांचा तो पंधरवडा आम्ही नमुना म्हणून भरणार होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एकच विचारले, "नोंद पक्की व्हायला किती सह्या लागतात?"

"तिघांतल्या दोघांच्या. बहुमत."

"मग ते दोघे एका बाजूला झाले तर?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. बहुमताचा तो नियम आम्ही ठरविलाच नव्हता. आम्ही काहीच न लिहिल्यामुळे सॉफ्टवेअरने आपला नेहमीचा नियम लावला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही ते करून पाहिले. डिचोलीचा संगणक बंद ठेवला. पेडणे व बेळगाव यांनी मिळून ४३पैकी तीन ट्रिपा रद्द करण्याची नोंद केली. दोन सह्या, नियम पूर्ण; नोंद मान्य. क्रम लावणारे तीनपैकी दोघे हजर होते, तेव्हा गणपूर्तीचीही अडचण आली नाही. मग माझा संगणक चालू केला. त्याने मागे राहिलेले पान इतरांकडून घेतले, तपासले आणि कोणतीही तक्रार न करता माझ्याच वहीत, माझ्या सहीवाचून, ४० हा आकडा दाखविला. लॉगमध्ये एकही चूक नव्हती. सर्व काही सुरळीत चालू होते!

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगितली पाहिजे. रद्द झालेल्या तीन नोंदी पुसल्या गेल्या नव्हत्या. त्या केव्हा व कोणाच्या सह्यांनी रद्द झाल्या हे माझ्या प्रतीत कायमचे उमटले होते. बाबांच्या निळ्या वहीपेक्षा एवढे अधिक खरेच. ४३चे ४० झाल्याचे त्यांना बिलाच्या दिवशी कळले. येथे ते यंत्र सुरू करताच कळले असते. पण कळणे वेगळे आणि थांबविता येणे वेगळे.

आम्ही नियम बदलला. ट्रकमालकाची सही हवीच, आणि तिच्या जोडीला उरलेल्या दोघांपैकी एकाची. लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला. ट्रकमालकाचा संगणक बंद असला, किंवा तो हट्टाला पेटला, तर सर्वांच्या नोंदी अडतील. त्याच्याही पुढचा प्रश्न असा की हा नियम बदलण्याचा जो नियम, तोही मुळात बहुमताचाच असतो. तोही हाताने बदलून घेतला नाही तर दोघे जण उद्या पुन्हा जुन्या नियमावर येऊ शकतात. शिवाय शेकडो ट्रकमालकांपैकी प्रत्येक जण घरी नोड चालवू शकणार नाही. त्यांच्या वतीने एखादी संघटना चालवील. मग संघटनेच्या सहीवर देखरेख कोणाची? यांपैकी कोणत्याही प्रश्नाचे उत्तर सॉफ्टवेअरच्या पुस्तकात नाही. ती उत्तरे आधी माणसांनी एकत्र बसून ठरवावयाची आणि मग सेटिंगच्या फाईलीत उतरवावयाची असतात.

मोठ्यांचेही येथेच अडते. मर्स्क ही जहाज कंपनी व आयबीएम यांनी २०१८ साली 'ट्रेडलेन्स' नावाचे जागतिक मालवाहतुकीचे जाळे हायपरलेजर फॅब्रिकवरच उभे केले. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते बंद करीत असल्याचे त्यांनी जाहीर केले. यंत्रणा तयार झाली, पण साऱ्या उद्योगाचे जे सहकार्य हवे होते ते मिळू शकले नाही, असे कारण त्यांनी दिले. आमच्या प्रयोगशाळेतील तीन संगणकांचे दुखणे आणि त्यांचे दुखणे आकाराने वेगळे असले तरी जातीने एकच.

तेरीज जुळली म्हणजे हिशोब खरा असे नाही, हे आपल्याला पहिल्याच वर्षी शिकवितात. जी नोंद मुळात केलीच नाही, ती तेरजेत सापडत नाही. वाटलेल्या खतावणीचेही तसेच आहे. ट्रक आला आणि कोणीच नोंद केली नाही, तर तिन्ही प्रती एकमताने गप्प राहतील. अशी वही लिहिलेले जपते. काय लिहावे, आणि कोणाच्या सहीवाचून लिहू नये, हे तिला आपणच सांगावे लागते. म्हणून माझ्या वाणिज्याच्या मित्रांना एक सुचवावेसे वाटते. उद्या नोकरीत कोणी अशी यंत्रणा पुढे ठेवली तर 'हे संगणकवाल्यांचे काम' असे म्हणून बाजूस होऊ नका. आधी विचारा, नोंद पक्की होण्यास कोणाकोणाच्या सह्या लागतात? आणि हा नियम कोणी ठरविला?

प्रयोग संपल्यावर प्रयोगशाळेचे संगणक आम्ही पुसून परत दिले. निळी वही मात्र अजून कपाटात आहे. बदललेल्या नियमावर आम्ही तो पंधरवडा पुन्हा भरला होता. त्या पानाची छापील प्रत बाबांनी घडी घालून तिच्यात ठेवली आहे. तळाशी आकडा ४३, आणि त्यापुढे तिघांच्या सह्या. त्या सह्या आम्हा तीन विद्यार्थ्यांच्या आहेत, त्यांना बाजारात काडीचीही किंमत नाही, हे बाबांना पूर्ण ठाऊक आहे. तरी त्यांनी ती प्रत जपून ठेवली आहे.